झग्याची कोपरं

जुन्या पेठेत कपडे दुरुस्तीचं दुकान चालवणारी मावशी फक्त दोन वेळा गप्प असे. एक झोपेत आणि दुसरी तोंडात टाचण्या धरलेल्या असताना. त्यातही झोपेत ती मधूनच "खांदा उतरलाय, खांदा," असं काहीबाही पुटपुटायची, म्हणजे हिशेबात धरण्यासारखी एकच वेळ उरली. तिच्या सख्ख्या भाचीला हे चांगलंच ठाऊक होतं. सहाव्या वर्षी आईवडील गेल्यावर ती मावशीकडे आली आणि कापडं बेतायच्या टेबलाखाली बसून अभ्यास करत मोठी झाली. तिनं पाढे पाठ केले ते मावशीच्या बडबडीवर आवाज चढवून.

त्यामुळे भाचीनं इस्त्रीच्या टेबलाशी येऊन, "मावशी, उद्या माझ्याबरोबर यायचं, पण एक चकार शब्द काढायचा नाही," असं सांगितलं, तेव्हा मावशीनं आधी इस्त्री उभी केली. असल्या गोष्टी ऐकताना हातात गरम वस्तू असू नये.

प्रकरण असं होतं. भाची गेले सहा महिने गावच्या संग्रहालयात उमेदवार गाइड होती. उद्या तिची परीक्षा. खऱ्या पर्यटकांना घेऊन जुनी पेठ, चर्च आणि संग्रहालय दाखवायचं, आणि संग्रहालयाचे साहेब वही घेऊन मागून चालणार. साहेबांना पसंत पडली तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार. पण नियम असा, की परीक्षेच्या फेरीला तिकीट काढलेली किमान दहा माणसं हवीत. नोंद झाली होती नऊ जणांची.

"मग मी दहावी," मावशी म्हणाली. "यात गप्प बसायचं काय आहे?"

"नातेवाईक चालत नाहीत."

"का बरं? नातेवाइकांना डोळे नसतात?"

"मागे एका उमेदवारानं अख्खं खानदान आणलं होतं. तो 'हा खांब' म्हणाला की सगळे टाळ्या वाजवायचे. तेव्हापासून नियमच झालाय. एक जरी नातेवाईक निघाला, तरी तो मोजायचा नाही."

"मग उद्या मी कोण?"

"पर्यटक. बाहेरगावची."

"मी? गावाबाहेरचा ओढा ओलांडला की मला चक्कर येते!"

"म्हणून तर बोलू नकोस म्हणतेय ना," भाची काकुळतीला आली. "मला नावानं हाक मारायची नाही. लोकांच्या कपड्यांना हात लावायचा नाही. कुणाचा खांदा उतरलेला असला तर उतरू दे. अगदी मागे राहायचं आणि बघायचं. माझ्यासाठी एवढं करशील?"

माझ्यासाठी म्हटल्यावर विषयच संपला. या पोरीची ही नोकरी मावशीला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त हवी होती. टेबलाखालची पोर टेबलाच्या वर यावी, उजेडात उभी राहून चार लोकांना काहीतरी सांगावं, हे तिनं कितीतरी वर्षं मनात धरलं होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. बडबड्या माणसांच्या पोटातही एखादी गोष्ट राहते.

सकाळी चौकात मावशी आली ती बघण्यासारखी होती. डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याकडून आणलेला कॅमेरा. कॅमेरा बंद पडूनच त्याच्याकडे आला होता, पण दिसायला चोख होता. भाचीनं तिच्याकडे पाहिलं, क्षणभर डोळे मिटले आणि दहा माणसं मोजली. साहेबांनीही मोजली आणि वहीत आकडा लिहिला. साहेब गावात येऊन दोनच वर्षं झाली होती, राहायला नव्या वस्तीत होते, आणि त्यांचे कपडे त्यांची बायको घरीच दुरुस्त करत असावी. हे मावशीनं त्यांच्या बाहीच्या टोकावरून ताडलं. शिवण बरी होती, दोरा चुकीचा.

बाकी नऊ जणांत एक नवविवाहित जोडपं होतं, ज्यांना एकमेकांशिवाय काही बघायचं नव्हतं. दोन मैत्रिणी होत्या, दोन मुलांसह एक आई होती, एक सारखा घड्याळ बघणारा औषधविक्रेता होता. आणि एक निवृत्त मास्तर होते. मास्तर गोल, हसतमुख आणि भलतेच चौकस. त्यांच्या कोटाच्या कोपरांवर तपकिरी चामड्याची ठिगळं होती, नीट हातानं शिवलेली. मावशीला ते पाहताक्षणी आवडले.

फेरी सुरू झाली आणि संकटंही सुरू झाली. जुनी पेठ तशी देखणी. दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या, लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले खालच्यांपेक्षा पुढे आलेले, समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता येतील इतके. भाची हे सगळं छान सांगत होती. जुन्या काळी जमिनीवरच्या जागेवर कर असे, हवेतल्या नाही, म्हणून लोक हवेत घरं वाढवत. पण या गल्ल्यांत मावशी गेली तीस वर्षं राहत होती. गावात असा एक माणूस नव्हता ज्याच्या तुमानीची उंची तिला पाठ नव्हती.

"काय मावशी! आज दुकान बंद?" बेकरीवाला दारातून ओरडला.

मावशीनं मागे वळून पाहिलं, जणू तिच्या मागे आणखी कुणी मावशी उभी आहे. मागे भिंत होती. तिनं भिंतीचा फोटो काढला.

पुढच्या वळणावर चांभारानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मावशे, माझी पँट झाली का? उद्या लग्नाला जायचंय!" आता मात्र साहेबांनी मान वर केली. मावशीनं चष्मा सावरून त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा चांभार ओशाळला. "माफ करा बाई," तो म्हणाला, "आमच्याकडे अगदी तुमच्यासारखी एक आहे." आणि आत गेला. पँट झालेली होती, दुकानात खुंटीला टांगलेली होती, आणि हे त्याला सांगता येत नाही म्हणून मावशीच्या जिवाची तगमग झाली.

चर्चमध्ये तर कसोटीच लागली. आत गारवा होता, उंच रंगीत काचांतून निळालाल उजेड फरशीवर सांडला होता, आणि मुलांची आईसुद्धा कुजबुजत बोलत होती. भाचीनं घुमट दाखवला, कोरीव लाकडी व्यासपीठ दाखवलं, वेदीमागची चित्रं दाखवली. मावशीची नजर मात्र वेदीवरच्या कापडावर खिळली. त्याची किनार कुणीतरी इतक्या ढिसाळपणे दुमडून शिवली होती, की देवानं ती आजवर कशी खपवून घेतली कोण जाणे. तिच्या घशाशी वाक्य आलं. ते तिनं गिळलं. पुन्हा आलं. शेवटी तिनं कॉलरच्या आतल्या बाजूला नेहमी खोचलेल्या टाचण्यांपैकी दोन काढल्या आणि ओठांत धरल्या. तोंडात टाचणी असली की बोलायचं नाही, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. एकदा शिकाऊ असताना बोलली होती, तेव्हा डॉक्टरकडे जावं लागलं होतं.

टाचण्या धरून मावशी चर्चमधून संग्रहालयात आली. ते चर्चला लागूनच होतं, जुन्या मठाच्या इमारतीत. कुलपांची खोली, घंटांची खोली, मग लांबलचक ओवरी. भाचीचा आवाज आता स्थिरावला होता. मास्तर प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती, एकदा तर मैत्रिणी मोठ्यानं हसल्या. साहेब वहीत काहीतरी लिहीत होते आणि लिहिताना त्यांची भुवई खाली होती, वर नाही. मावशीनं मनातल्या मनात नोकरी कायम करून टाकली.

शेवटी आली झग्याची खोली.

ही खोली म्हणजे संग्रहालयाचा जीव. मधोमध काचेच्या कपाटात, लाकडी पुतळ्यावर, एका जुन्या धर्मगुरूंचा काळा लोकरी झगा होता. हे धर्मगुरू फार मोठे, फार साधे, गावात त्यांना मानणारे अजून खूप. झग्याची समोरची बाजू सपाट, कोरी. बटणं सगळी पाठीमागे, मानेपासून पावलांपर्यंत, तेहेतीस. ती दिसावीत म्हणून मागे भला मोठा आरसा बसवला होता. आणि भिंतीवर सुबक अक्षरांत तो मजकूर, जो वाचून माणसं डोळे पुसत बाहेर पडत. भाची तो न बघता म्हणू लागली.

"या झग्याची बटणं पाठीवर आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ती स्वतःची स्वतःला लावता येत नाहीत. म्हणजे रोज सकाळी या मोठ्या माणसाला कुणाला तरी हाक मारावी लागे, जरा माझी बटणं लावून द्या म्हणून. एकटा माणूस अपुरा असतो याची रोजची आठवण त्यांनी अंगावर वागवली."

नवविवाहित जोडप्यानं एकमेकांचा हात धरला. मुलांच्या आईनं नाक ओढलं. हेच वाक्य चाळीस वर्षं इथे म्हटलं जात होतं, पोस्टकार्डांवर छापलेलं होतं, आणि कधीही वाया गेलं नव्हतं.

"आणि हे हो?" मास्तरांनी बोट दाखवलं. "बाह्यांवर पुढच्या बाजूला झिजलंय ते?"

"ते ग्रंथ उराशी कवटाळून धरल्यामुळे," भाचीनं पाठ केलेलं सांगितलं. "आणि मागे, खालच्या बाजूला, आरशात बघा, दोन झिजलेले गोल दिसतील. ते लाकडी बाकावर तासन्‌तास बसून लोकांची दुःखं ऐकल्यामुळे."

मावशी सगळ्यांच्या मागे उभी होती. तिनं झग्याकडे बघितलं. मग आरशात बघितलं. मग पुन्हा झग्याकडे. तीस वर्षं या गावात राहूनही ती या खोलीत कधी आली नव्हती. गावातलं संग्रहालय गावातली माणसं बघत नाहीत. बसून दोन गोल? माणूस बसतो तेव्हा एक जागा झिजते, रुंद, आणि ती एवढी खाली नसते! आणि तो गळा! पुढून मानेला चिकटलेला आणि मागून खोल! ओठांतल्या टाचण्या थरथरायला लागल्या. तिचा चेहरा जांभळा झाला. पण तोंड उघडलं नाही, हे तिच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

फक्त एक झालं. समोर आरसा होता, आणि बोलता बोलता भाचीनं आरशात पाहिलं. तेहेतीस बटणांच्या वर, सगळ्यांच्या डोक्यांमागे, तिला मावशीचा चेहरा दिसला.

तो चेहरा ती सहाव्या वर्षापासून ओळखत होती. कुणी दुसऱ्या दुकानात बिघडवलेला कपडा टेबलावर आणून टाकला, की मावशीचा अस्सा चेहरा होई. आणि तो झाला, की टेबलाखालची पोर वही बाजूला ठेवून वर डोकावून बघे, काय चुकलंय ते मावशीच्या आधी शोधायला. सवयच ती. आताही भाचीनं बोलता बोलता झग्याकडे वळून पाहिलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मजकूर बाजूला ठेवून, नुसता कपडा म्हणून.

"म्हणून आपण असं म्हणू शकतो की..." ती म्हणाली आणि थांबली.

साहेबांनी वर पाहिलं. औषधविक्रेत्यानं घड्याळ पाहिलं.

"थांबा," भाची म्हणाली. "हा उलटा घातलाय."

मावशीनं मागून हातानं, मानेनं, भुवयांनी, अंगात होतं नव्हतं त्या सगळ्यानं खुणा केल्या, की गप्प बस, पाठ केलेलं म्हण, आधी नोकरी पदरात पाडून घे. उसवायचं ते नंतर उसवू. भाचीचं लक्ष नव्हतं.

"काय म्हणालात?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"पाठ पुढे आलीय साहेब. मास्तर, तुमचा कोट जरा काढता का? आणि उलटा घालता का? बटणं मागे."

मास्तरांना आयुष्यात इतकी आनंदाची सूचना कुणी केली नसावी. त्यांनी कोट उतरवला, उलटा चढवला, दोघी मैत्रिणींनी मागून बटणं लावून दिली. गळा आवळून मास्तरांचा चेहरा फुगला.

"गळा कसा वाटतोय?" भाचीनं विचारलं.

"फास लागल्यासारखा," मास्तर कसंबसं म्हणाले.

"कारण कपड्याचा पुढचा गळा खोल कापतात आणि मागचा उथळ. आता हा झगा बघा. आणि आता हात खाली सोडा."

मास्तरांनी हात सोडले. कोपरांवरची चामड्याची ठिगळं बाह्यांच्या पुढच्या बाजूला आली होती. शेजारच्या काचेत झग्याच्या बाह्यांवरचे झिजलेले डाग, बरोब्बर त्याच जागी.

"अय्या!" नवी नवरी ओरडली. "कोपरं!"

"कोपरं," भाची म्हणाली. "ग्रंथबिंथ काही नाही. हा माणूस टेबलावर कोपरं टेकून बसायचा, आपल्यासारखाच. आणि मागचे ते दोन गोल बसण्याचे नाहीत. बसून एकच जागा झिजते. हे गुडघे आहेत. झगा सरळ केला, की ते पुढे येतील, जिथे असायला हवेत तिथे. तो गुडघ्यांवर टेकून राहायचा. फार वेळ. अस्तर दिसेपर्यंत."

मुलं लगेच गुडघ्यांवर बसून स्वतःच्या विजारी तपासायला लागली. साहेब मात्र हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोरून चाळीस वर्षांचा मजकूर, पोस्टकार्डं, गेल्या वर्षीच बसवलेला महागडा आरसा, सगळं सरकत गेलं असावं. ते कपाटाशी गेले. वाकले. मग उकिडवे बसले. मग, गाइड आणि पर्यटकांसमोर, संग्रहालयाचे साहेब काचेला नाक लावून तिथेच गुडघ्यांवर टेकले आणि आरशातून बराच वेळ बघत राहिले.

मावशीचा जीव टांगणीला लागला. गेली नोकरी, ती मनात म्हणत होती, माझ्या थोबाडामुळे गेली. तोंड मिटून ठेवलं तरी या मेल्या थोबाडानं घात केलाच.

साहेब उठले. त्यांनी गुडघे झटकले.

"बटणं मग पुढेच होती," ते म्हणाले. "स्वतःची स्वतः लावत होते."

"हो साहेब."

"इतकं सुंदर वाक्य होतं हो." ते खरंच हळहळले. मग त्यांनी वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसले. "पण हे गुडघे त्याहून खरे आहेत. चाळीस वर्षांत इथून किती शहाणी माणसं गेली, मीही रोज जातो, कुणाला दिसलं नाही. तुमच्या नेमणुकीला आता माझी काही हरकत नाही. उगाच उत्सुकता म्हणून विचारतो, हे असं बघायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

भाचीनं तोंड उघडलं आणि मिटलं. या पोरीला खोटं बोलता येत नाही, हे मावशीइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं झटकन टाचण्या तोंडातून काढल्या.

"पुस्तकात वाचलं असेल!" ती मागून म्हणाली. "हल्ली पुस्तकांत सगळं असतं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सकाळपासून मुकी वाटलेली बाहेरगावची बाई बोलत होती.

"तुम्ही ओळखता यांना?" साहेबांनी विचारलं.

"मी? छे!" मावशीनं टोपी सावरली. आता बोलायला मिळालंच होतं, तर तिनं काम चोख करायचं ठरवलं. "आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. माझा काय संबंध? कोण कुठली पोरगी!"

तिनं ते इतकं फर्मास म्हटलं, की साहेबांनी मान डोलावली आणि पुन्हा भाचीकडे वळले. बाजी जिंकली होती. पण भाचीचा चेहरा बदलला. तिचा खालचा ओठ जरासा थरथरला, लहानपणी शाळेतून कुणी न्यायला यायला उशीर झाला की थरथरायचा तसा.

"ही माझी मावशी आहे, साहेब," ती म्हणाली. "हिनंच शिकवलं."

"काहीतरीच काय!" मावशी किंचाळली. "मी बाहेरगावची आहे! तिकीट आहे माझ्याकडे!"

"मावशी, पुरे."

"कसली मावशी? ऐकू नका हो साहेब, पोरीला चक्कर आलीय. सकाळी काही न खाता निघाली, दोनदा सांगितलं मी चार घास खाऊन जा म्हणून, ऐकेल तर शपथ! रात्रभर पाठांतर, सकाळी पोटात काही नाही, मग असं होतं! चिमणे, खाली बस बघू आधी!"

मग तिच्या लक्षात आलं. खोलीतल्या सगळ्यांच्या आधीच आलं होतं. मास्तरांना हसू आवरेना, आणि उलट्या कोटात हसणं सोपं नसतं. मैत्रिणींनी त्यांची बटणं घाईघाईनं सोडवली. मावशी तोंडावर हात घेऊन उभी राहिली.

साहेब हसले नाहीत. त्यांना बहुधा हसायचं होतं, पण नियम त्यांनीच केला होता. त्यांनी सकाळचा दहाचा आकडा खोडला आणि नऊ लिहिला.

"परीक्षा रद्द," ते म्हणाले. "नेमणुकीचं मी म्हणालो होतो, पण परीक्षाच झाली नाही, तर कशावर करू? पुढच्या महिन्यात परत घ्यावी लागेल. पुन्हा दहा माणसं, पुन्हा सगळी फेरी. तोवर उमेदवारच." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "सोमवारी आपल्याला सुट्टी असते. झगा फिरवायला जाणतं माणूस लागेल. तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या या बाईंना घेऊन या."

नऊ पर्यटकांना वरचा मजला बघायचा होताच, पण आधी सगळ्यांना चहा हवा होता. भाचीनं त्यांना अर्ध्या तासाची सुट्टी दिली आणि मावशीला बाहेर चौकात आणून बाकावर बसवलं. मावशीनं टोपी काढली, चष्मा काढला, कॅमेरा काढून बाजूला आपटला, आणि सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"मूर्ख! शुद्ध मूर्ख आहेस! हातात आलेली नोकरी! साहेब म्हणाले होते ना नेमणूक? मी किती छान निभावून नेत होते, त्यांनी मानही डोलावली होती! तुला दोन मिनिटं तोंड मिटून बसता आलं नाही? काय अडलं होतं तुझं?"

भाची तिचं सगळं ऐकून घेत होती. मग ती म्हणाली, "कोण कुठली पोरगी, असं म्हणालीस तू."

"अगं, ते खोटं होतं!"

"माहीत आहे."

"तुझ्यासाठीच म्हटलं!"

"तेही माहीत आहे." भाचीनं मान खाली घातली. "खोटं बोल असं मीच सांगितलं होतं तुला. पण ते तू खरोखर म्हटलंस ना, तेव्हा मला ते तसंच ठेवून पुढे जायला जमेना. नोकरी लागली असती. पण रोज त्या खोलीत उभी राहिले असते, आणि रोज मला तेच ऐकू आलं असतं."

मावशीला एकदम ती सहा वर्षांची पोर आठवली, हातात पिशवी घेऊन दुकानाच्या दारात उभी असलेली, आत येऊ की नको ते न कळून. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं. नोकरीची हळहळ कुठल्या कुठे गेली. तिनं भाचीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भर चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, नाकडोळे एक होईपर्यंत मोठमोठ्यानं रडली.

चौकातून जाणारी एक परकी बाई ते बघून घाबरली. हातातला नकाशा गुंडाळून ती बाकाजवळ आली. "काय झालं हो? काही हवंय का तुम्हाला?"

"काही नाही हो," मावशी हुंदके देत म्हणाली. "ही माझी भाची आहे."